रजेचा प्रश्न : कोरियन दूरचित्रवाणी मालिकांतील नोकरी करणारी स्त्री आणि कुटुंबसत्ता

दूरचित्रवाणी मालिकेला साहित्यकृतीची प्रतिष्ठा नाही. ती तिला मिळावी असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. तथापि कथनात्मक संहिता म्हणून मालिकेचा विचार करू लागल्यास एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. घर, घरातील माणसांचे परस्परसंबंध आणि त्या संबंधांतील सत्तेची वाटणी हा विषय मालिकेने ज्या सातत्याने हाताळला, त्या सातत्याने तो अन्य कथनप्रकारांनी क्वचितच हाताळला असेल. दक्षिण कोरियातील मालिकांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. तेथील मालिकालेखनात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. अनेक मालिका त्यांच्या लेखिकांच्या नावाने ओळखल्या जातात. आणि मुख्य म्हणजे त्या संपतात. सोळा किंवा वीस भागांची मालिका असो, अथवा शनिवार-रविवारी दाखवली जाणारी पन्नास-साठ भागांची कौटुंबिक मालिका असो, तिला ठरलेला शेवट असतो. ज्या कथानकाला शेवट आहे त्याला निवाडा करावा लागतो. वर्षानुवर्षे लांबवता येणाऱ्या मालिकेला तो टाळता येतो.

या मालिकांतील स्त्री नोकरी करते, हे आता नवलाचे राहिलेले नाही. वैद्यक, वकिली, व्यापारी कंपन्या, पाकगृहे, वृत्तसंस्था अशा नाना क्षेत्रांत ती वावरताना दिसते. त्यामुळे ‘स्त्री घराबाहेर पडलेली दाखवली आहे का’ हा समीक्षेचा प्रश्न निरर्थक ठरतो. खरा प्रश्न असा की, ती कोणाच्या परवानगीने बाहेर पडते आणि परवानगी देण्याचा अधिकार कथानक शेवटी कोणाच्या हाती ठेवते. मराठीतील ‘रजा’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. अरबीतून फार्सीच्या मार्गाने मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. कामावरील सुट्टी हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. सुट्टी आपली आपण घेता येते, रजा मात्र कोणीतरी द्यावी लागते. कोरियन भाषेतील ‘ह्युगा’ या शब्दात विश्रांती आणि मोकळा वेळ एवढाच अर्थ आहे, संमतीचा नाही. परंतु कोरियन मालिका ‘ह्युगा’ची गोष्ट सांगू लागते तेव्हा ती बहुधा मराठी अर्थाने ‘रजे’चीच गोष्ट होऊन बसते.

यामागील सामाजिक चौकट थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. जोसन राजवटीने (१३९२-१९१०) कन्फ्यूशियन विचारसरणीला राज्यव्यवहाराचा पाया मानले. स्त्रीने बालपणी पित्याच्या, विवाहानंतर पतीच्या आणि वैधव्यात पुत्राच्या आज्ञेत राहावे, ही ‘तीन आज्ञापालनां’ची कल्पना त्या विचारसरणीने दृढ केली. मनुस्मृतीशी परिचय असलेल्या वाचकाला हा क्रम नवा वाटणार नाही. मात्र ही व्यवस्था अनादी नव्हती. जोसन काळाच्या पूर्वार्धात मुलींना संपत्तीत भावांच्या बरोबरीने वाटा मिळत असे. पितृवंशाची चौकट सतराव्या शतकात पक्की झाली. विसाव्या शतकात तिला कायद्याचे रूप आले. ‘होजू’ म्हणजे कुटुंबप्रमुख. विवाहानंतर स्त्रीची नोंद पतीच्या कुटुंबनोंदवहीत जाई आणि पतीच्या पश्चात प्रमुखपद पत्नीकडे न येता प्रथम मुलाकडे जाई, मग तो मुलगा अजाण का असेना. ही पद्धत राज्यघटनेशी विसंगत असल्याचा निर्णय तेथील घटना न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये दिला. प्रत्यक्षात ती १ जानेवारी २००८ रोजी संपुष्टात आली.

नोकरीच्या क्षेत्रातही गृहीतके अशीच होती. १९८५ मध्ये सोल येथील एका न्यायालयाने अपघातग्रस्त अविवाहित तरुणीची नुकसानभरपाई ठरवताना, ती सर्वसाधारण विवाहवयापर्यंतच नोकरी करील असे मानून हिशेब केला होता. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ते गृहीतक अमान्य केले आणि १९८७ मध्ये समान रोजगाराचा कायदा झाला. कायदा झाला तरी हिशेब मागे राहिलाच. १९९६ मध्ये कोरिया ओईसीडी या संघटनेचा सदस्य झाला, आणि तेव्हापासून सदस्य देशांतील स्त्री-पुरुष वेतनाच्या तफावतीत तो सातत्याने अग्रस्थानी राहिला आहे. २०२२ मध्ये ही तफावत सुमारे ३१ टक्के होती. विवाह वा बाळंतपणामुळे नोकरी सुटलेल्या स्त्रीसाठी कोरियन भाषेत एक स्वतंत्र संज्ञा रुळली आहे. तिचा अर्थ ‘जिची कारकीर्द खंडित झाली अशी स्त्री’ असा होतो. २००८ मध्ये या स्त्रियांसाठी वेगळा कायदाच करण्यात आला. जेथे खंडाला नाव द्यावे लागते, तेथे तो अपवाद नसून रीत असते, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर किम सू-ह्युन या लेखिकेच्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९४३ साली जन्मलेल्या या लेखिकेने कोरियन कौटुंबिक मालिकेचा साचा घडवला, असे म्हणण्यास हरकत नाही. तिची ‘प्रेम म्हणजे तरी काय’ ही मालिका १९९१-९२ मध्ये एमबीसी वाहिनीवर प्रसारित झाली. सरासरी ६० टक्क्यांच्या घरातील प्रेक्षकसंख्या लाभलेली ही मालिका १९९७ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवरही दाखवली गेली, आणि कोरियन मालिकांच्या परदेशी लोकप्रियतेचा आरंभ पुष्कळदा तेथपासून मोजला जातो. दोन घरे, दोन रीती आणि त्यांना जोडणारा एक विवाह, असे तिचे कथानक आहे. एका घरात पित्याच्या शब्दापुढे कोणाचे काही चालत नाही. दुसऱ्या घरात मुलींना बोलण्याची मोकळीक आहे. दोन्ही घरांतील आया शाळेतील मैत्रिणी आहेत, ही योजना मार्मिक म्हणावी लागेल. एकाच वर्गात बसलेल्या दोन मुलींचे आयुष्य विवाहानंतर किती वेगळे होते, हे दाखवण्यास लेखिकेला भाष्य करावे लागत नाही.

किम हे-जा या अभिनेत्रीने साकारलेली पहिल्या घरातील आई हे या मालिकेचे मर्मस्थान आहे. ती नोकरी करीत नाही. पण तिच्या दिवसाला सुट्टीही नाही. नवऱ्याविरुद्ध ती बंड करीत नाही. तिचा विरंगुळा एवढाच, की ती एक गाणे पुन्हा पुन्हा ऐकते. किम कुक-ह्वान या गायकाचे ‘ताताता’ हे गाणे या प्रसंगांमुळेच देशभर गाजले. या शीर्षकाचा उगम संस्कृतातील ‘तथता’ या बौद्ध संज्ञेत आहे. जे जसे आहे ते तसे असणे, असा तिचा अर्थ. घरकामाच्या ओझ्याखालची एक कोरियन गृहिणी बौद्ध दर्शनातील संज्ञा नाव म्हणून मिरवणाऱ्या गाण्यात आधार शोधते, हा योगायोग भारतीय अभ्यासकाला मोह पाडणारा आहे. पण त्यातील अर्थ फारसा सुखद नाही. १९९१ च्या त्या आईला ‘आहे हे असेच आहे’ या स्वीकारापलीकडे दुसरी रजा उपलब्ध नव्हती.

सतरा वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे ‘होजू’ पद्धत रद्द झाल्यावर बरोबर एक महिन्याने, किम सू-ह्युन यांचीच ‘आईला शिंगे फुटली’ ही मालिका केबीएस वाहिनीवर सुरू झाली. शीर्षकातील कोरियन वाक्प्रचाराचा अर्थ ‘आई चिडली’ असा आहे. मराठीत मात्र शिंगे फुटणे म्हणजे मर्यादा सोडून वागू लागणे, आणि योगायोगाने तोही अर्थ येथे चपखल बसतो. आईची भूमिका पुन्हा किम हे-जा यांचीच. पहिल्या मालिकेत तिचा नवरा झालेले ली सून-जे येथे तिचे सासरे आहेत. आयुष्यभर सासऱ्याची सेवा, नवऱ्याचा संसार आणि तीन मुलांची लग्ने उरकलेली ही किम हान-जा साठी ओलांडल्यावर एक मागणी करते : एक वर्षाची रजा. तिला घटस्फोट नको, संपत्ती नको. तिला एका खोलीचे वेगळे बिऱ्हाड हवे, जेथे स्वयंपाक दुसऱ्या कोणासाठी करावा लागणार नाही.

या मागणीचे महत्त्व तिच्या भाषेत आहे. रजा नोकराला असते. जिला कोणी कधी नोकर म्हटले नाही, जिच्या श्रमाला वेतन नाही, तिने रजा मागितली की घर हे कामाचे ठिकाण होते आणि आईपण ही चाकरी होती, हे आपोआप सिद्ध होते. हान-जा स्त्रीवादी विचारांची व्यक्तिरेखा नाही. तशी भाषा तिच्या तोंडी शोभलीही नसती. तिने फक्त कचेरीतील एक शब्द घरात आणला. विशेष म्हणजे तिची वकील असलेली थोरली मुलगीच या मालिकेतील रूढार्थाने ‘नोकरी करणारी स्त्री’ आहे. तिच्या व्यवसायावर कथानक फारसे रेंगाळत नाही. घटस्फोटित, एका मुलीचा बाप असलेल्या पुरुषाशी तिने केलेला विवाह आणि त्यातून आईला होणारे दुःख यांवर ते रेंगाळते. शिकलेल्या, कमावत्या मुलीच्या स्वातंत्र्यामागे न शिकलेल्या आईचे किती बिनपगारी श्रम उभे असतात, ही गोष्ट मालिका न सांगता दाखवते.

आणि ही रजा मंजूर कोण करते? घरातील सर्वांत वडीलधारा पुरुष, म्हणजे सासरा, सुनेच्या बाजूने उभा राहतो. ली सून-जे यांच्या भूमिकेतील हा वृद्ध प्रेक्षकांना अतिशय प्रिय झाला, आणि लेखिकेने त्याला दिलेली समज खरीखुरी वाटते. तरीही कायद्यातून ‘होजू’ गेला त्याच वर्षी कथानकाने रजा देण्याचा अधिकार घरातील होजूकडेच ठेवला, हे विसरता येत नाही. सासरा उदार नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मालिका विचारत नाही. शेवटी हान-जा घरी परतते. अनेकांनी या परतण्याला तडजोड मानले. ते मत पूर्णपणे योग्य नाही. रजेवरून माणूस परत येतोच. परत आल्यावर तो आता कामावर रुजू होत असतो, जन्माने बांधलेला नसतो. एवढा फरक या मालिकेने केला आहे, आणि कौटुंबिक मालिकेच्या संकेतांत तो लहान नाही.

कचेरीच्या कथा या पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात. यून ते-हो यांच्या चित्रकथेवर आधारित ‘मिसेंग’ ही वीस भागांची मालिका २०१४ मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आली. गो या पटावरील खेळात जी सोंगटी अद्याप जगली-वाचली असे म्हणता येत नाही तिला ‘मिसेंग’ म्हणतात. एका व्यापारी कंपनीतील चार उमेदवारांची ही गोष्ट आहे आणि त्यांतील आन यंग-यी ही एकच मुलगी आहे. चौघांत सर्वाधिक सक्षम तीच. तिच्या विभागातील वरिष्ठ पुरुष तिला काम देत नाहीत. तिच्याकडून हलकीसलकी कामे करवून घेतात, टाकून बोलतात. ती ते सहन करते आणि कामानेच जागा मिळवू पाहते. या मालिकेत प्रेमकथेला जवळजवळ स्थान नाही. त्यामुळे तिचे दुःख हलके करण्यास कोणी श्रीमंत नायक धावून येत नाही. ते कचेरीतच निस्तरावे लागते.

परंतु या मालिकेतील सर्वांत तीक्ष्ण भाग यंग-यीचा नसून सन जी-यंग या वरिष्ठ अधिकारी स्त्रीचा आहे. पाचव्या भागात तिची कथा मध्यवर्ती होते. ती कर्तबगार आहे, कनिष्ठांना सांभाळून घेणारी आहे, तिचा हुद्दाही मोठा आहे. लहान मुलीला पाळणाघरातून आणायचे कोणी, यावरून तिची आणि नवऱ्याची रोज ओढाताण चालते. दोघांचीही कामे तितकीच महत्त्वाची आहेत. पण उशीर झाल्याचा अपराध मात्र तिच्याच वाट्याला येतो. मुलीने काढलेल्या कुटुंबाच्या चित्रात आईच्या चेहऱ्यावर नाक, डोळे, तोंड काहीच नसते. याच भागात एक गर्भवती कर्मचारी कचेरीत कोसळते, आणि तिच्या रजेमुळे आपल्यावर काम पडणार याची कुरकुर पुरुष सहकारी करतात. बालसंगोपनाची रजा कोरियन कायद्याने आईप्रमाणे बापालाही दिली आहे. कायद्यातील रजा आणि कचेरीतील रजा यांमधील अंतर या कुरकुरीने मोजता येते. जी-यंगला रजा नाकारणारा एक खलनायक दाखवला असता तर हा भाग साधारण ठरला असता. येथे कोणीच काही नाकारत नाही. नवरा दुष्ट नाही, वरिष्ठ क्रूर नाहीत. आणि तरीही चेहरा पुसला जातो. २०२३ मध्ये कोरियाचा एकूण जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला, तेव्हा कारणांची बरीच चर्चा झाली. मुलीच्या त्या चित्रात त्या चर्चेचा एक मोठा भाग नऊ वर्षे आधीच येऊन गेला होता.

कचेरी आणि घर यांच्या सीमारेषेवरची आणखी एक कृती म्हणजे ‘म्यनुरागी’. सू शिन-जी यांच्या चित्रकथेवरून ती २०२०-२१ मध्ये काकाओ टीव्हीवर छोट्या छोट्या भागांत आली. ‘म्यनुरी’ म्हणजे सून. पौगंडावस्था या अर्थाच्या कोरियन शब्दाच्या धर्तीवर ‘सूनपणाची अवस्था’ असा अर्थ देणारा हा शब्द मूळ लेखिकेने घडवला. नव्याने लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या मिन सा-रिनला सासरच्यांची मर्जी संपादन करण्याची जी अनावर इच्छा होते, तीच ही अवस्था. सासूच्या वाढदिवसाचा सकाळचा स्वयंपाक, पूर्वजांच्या स्मरणविधीची तयारी, जेवणानंतरची भांडी : एवढ्याच ऐवजावर ही कथा उभी आहे. ज्यांच्या पूर्वजांचा विधी ते पुरुष बसून असतात आणि ज्यांचे ते पूर्वज नव्हेत त्या सुना राबतात. पितृपक्षातील स्वयंपाकघर पाहिलेल्या वाचकाला या दृश्याचे भाषांतर लागत नाही. सासू वाईट बोलत नाही, उलट कौतुकच करते, आणि त्या कौतुकातच सगळी मेख आहे. मोठी जाऊ मात्र येण्याचे साफ नाकारते. सा-रिनला प्रथम तिचा राग येतो, मग हेवा वाटतो, आणि मग विचार सुरू होतो. या तिन्ही पायऱ्या लेखिकेने घाई न करता दाखवल्या आहेत.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असा एक मुद्दा आहे. कोरियन भाषेत नवऱ्याच्या घराचा उल्लेख करणाऱ्या शब्दाला आदरार्थी प्रत्यय लागतो. बायकोच्या माहेराला साधा, ‘घर’ एवढाच. नवऱ्याच्या धाकट्या भावाला ‘छोटे मालक’ आणि धाकट्या बहिणीला ‘कुमारी बाईसाहेब’ अशा अर्थाच्या, पूर्वी नोकरांच्या तोंडी असलेल्या शब्दांनी हाक मारावी लागते. बायकोच्या भावंडांसाठी असे आदराचे शब्द नाहीत. आईच्या आईला ‘बाहेरची आजी’ म्हणतात. पत्नीचा उल्लेख ‘घरातील माणूस’ असा होतो. मराठीतही ‘भावोजी’, ‘वन्सं’ यांचा आदर आणि ‘मेहुणा’ या शब्दाची सलगी यांत तोल नाहीच. शिवाय एके काळी ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थच पत्नी असा होता. तेव्हा कोरियन मालिकेतील सून दिवसभर कचेरीत हुद्द्याने ओळखली जाऊन संध्याकाळी नात्याच्या संबोधनांत शिरते, तेव्हा ती केवळ जागा बदलत नाही, व्याकरणातील पायरी उतरते. मालिका उपशीर्षकांसह पाहणाऱ्याला ही पायरी दिसत नाही, कारण भाषांतरात सगळ्यांनाच नावाने हाक मारलेली असते. या मालिकांवरील भारतीय लेखनात हा मुद्दा सहसा निसटतो.

प्रेमप्रधान मालिकांकडे वळले की रजेचा प्रश्न वेगळे वळण घेतो, आणि बहुधा कमकुवत होतो. ‘माझे नाव किम साम-सून’ (२००५) हिला अपवाद मानावे लागेल. तिशीकडे झुकलेली, स्थूल, तोंडाळ साम-सून पॅरिसमध्ये शिकून आलेली केक-मिठाई बनवणारी कारागीर आहे. तिच्या नावातील ‘साम’ म्हणजे तीन आणि ‘सून’ म्हणजे आज्ञाधारक. तिसरी मुलगी झाली तेव्हा ठेवलेले हे नाव. (मराठी कानाला त्यात ऐकू येणारी ‘सून’ हा निव्वळ ध्वनीचा योगायोग.) हे नाव बदलण्यासाठी तिची धडपड चालते. नायक श्रीमंत उपाहारगृहाचा मालक असला तरी ती त्याच्याकडे येते ती कामासाठी, आणि त्यांच्यातील खोट्या प्रेमाचा करारही पैशांच्या गरजेतून होतो. तिचे कौशल्य कथानकाला खरोखर हलवते. शेवटी नायकाच्या आईची संमती मिळत नाही, आणि मालिका तशीच संपते. संमतीवाचून सुखी शेवट करणे हे २००५ मध्ये धाडसाचेच होते.

याउलट ‘सेक्रेटरी किमला झाले तरी काय’ (२०१८) या मालिकेत नऊ वर्षे राबलेली सचिव राजीनामा देते, स्वतःचे आयुष्य शोधू पाहते, आणि कथानक त्या राजीनाम्याचे रूपांतर मालकाशी विवाहात करते. मालिका रंजक आहे; पण तिने विचारलेला प्रश्न तिनेच गिळून टाकला. त्याच वर्षी जेटीबीसी वाहिनीवर आलेल्या, इंग्रजीत ‘समथिंग इन द रेन’ नावाने परिचित झालेल्या मालिकेचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. जानेवारी २०१८ मध्ये सरकारी वकील सो जी-ह्यन यांनी याच वाहिनीच्या बातम्यांत वरिष्ठाने केलेल्या छळाची वाच्यता केली आणि कोरियात ‘मी टू’ चळवळीला उधाण आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुरू झालेल्या या मालिकेची नायिका यून जिन-आ पस्तिशीची आहे. कचेरीनंतरच्या सक्तीच्या मद्यभोजनांत वरिष्ठांना खूष ठेवण्यासाठी ती खंजिरी वाजवते, म्हणून तिचे नावच ‘खंजिरी’ पडले आहे. ही एक उपाधी पानभर विवेचनाचे काम करते. एके दिवशी ती ही खंजिरी खाली ठेवते, वरिष्ठांच्या अंगचटीला नकार देते. का? तर एका तरुणाने तिच्यावर जिवापाड प्रेम केले, त्यामुळे आपण मोलाच्या आहोत हे तिला उमगले म्हणून. मानसशास्त्राच्या दृष्टीने यात खोटे काही नाही. परंतु कचेरीतील स्त्रीचा नकार प्रियकराच्या प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवला की, ज्या सहकारिणीला असा प्रियकर लाभलेला नाही तिने खंजिरी वाजवतच राहावे काय, असा प्रश्न उरतो. सासऱ्याच्या जागी प्रियकर आला, एवढाच येथील फरक.

परवानगी देणारी व्यक्ती नेहमी पुरुषच असते असेही नाही, आणि या बाबतीत कोरियन मालिकांची नजर तीक्ष्ण आहे. पितृसत्तेचा दैनंदिन कारभार पुष्कळदा सासूच्या हाती असतो. ‘सर्च : डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ (२०१९) मध्ये तीन स्त्रिया माहितीजालाच्या क्षेत्रातील कंपन्यांत मोठ्या पदांवर आहेत, लढतात, हरतात, जिंकतात; त्यांचे प्रियकर कथेच्या कडेला राहतात. पण सोंग गा-क्यंग हिची सासूच तिच्या कंपनीवर हुकमत असलेल्या उद्योगसमूहाची अध्यक्षा आहे. सून आणि कर्मचारी ही दोन नाती एकाच खुर्चीपुढे मान तुकवतात. ‘डॉक्टर छा’ (२०२३) मध्ये हीच योजना विनोदाच्या अंगाने येते. वीस वर्षे गृहिणी राहिलेली छा जंग-सुक यकृताच्या आजारातून वाचल्यावर सोडलेले वैद्यकीय प्रशिक्षण पुन्हा सुरू करते. त्याच रुग्णालयात तिचा नवरा शल्यचिकित्सेचा प्राध्यापक आहे, मुलगा तिच्यासारखाच पहिल्या वर्षाचा प्रशिक्षणार्थी आहे, आणि तिच्या विभागातील प्राध्यापिका ही नवऱ्याची प्रेयसी आहे. आपले नाते रुग्णालयात उघड करायचे नाही, ही नवऱ्याची अट. घरातील प्रत्येक अधिकारी येथे कचेरीतही अधिकारीच आहे. योगायोगांची ही गर्दी वास्तवाला धरून नसली तरी अर्थाला धरून आहे. नवऱ्याने यकृत देण्यात केलेली चालढकल पाहिल्यावर जंग-सुक कोणाचीही परवानगी मागणे सोडते. तिला घटस्फोट मिळतो आणि स्वतःचा दवाखानाही. प्रौढ गृहिणींनी ही मालिका उचलून धरली यात आश्चर्य नाही. अर्थात, मरणाच्या दारातून परत येणे ही रजा मिळवण्याची फार महागडी रीत आहे.

‘विलक्षण वकील वू यंग-वू’ (२०२२) या मालिकेचा बारावा भाग या विषयावर सर्वांत रोखठोक बोलतो. एक विमा कंपनी खर्चकपात करताना कंपनीतच काम करणाऱ्या जोडप्यांपैकी एकाने ‘स्वेच्छेने’ नोकरी सोडावी, नाही तर नवऱ्यास विनावेतन रजेवर पाठवू, असे सुचवते. नोकरी अर्थातच बायका सोडतात. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर कोरियात अशा घटना प्रत्यक्ष घडल्या होत्या. १९९९ मध्ये एका मोठ्या सहकारी वित्तसंस्थेतील असे प्रकरण न्यायालयात गाजले. राजीनामा कायद्याच्या दृष्टीने स्वखुशीचा. पण ती खुशी कोणाची? ‘रजा’ या शब्दातील मूळ अरबी अर्थ येथे उलटा होऊन समोर येतो. मालिकेतील स्त्रिया खटला हरतात, आणि लेखकाने त्यांना जिंकवले नाही हे योग्यच झाले. हरल्यानंतर त्या आपल्या वकील स्त्रीसह एकत्र जेवतात. त्या जेवणात कोणी कोणाला वाढत बसलेले नाही.

सोळाव्या शतकातील राजवैद्य स्त्रीची गोष्ट सांगणाऱ्या ‘दे जांग गम’ (२००३-०४) या मालिकेमुळे कोरियन नायिका भारतीय घरांतही परिचित झाली. दूरदर्शनवर ती हिंदी रूपात दाखवली गेली होती. राजा जुंगजोंग याच्या काळच्या बखरींतील मोजक्या उल्लेखांवरून रचलेल्या या कथेत नायिकेला सर्वोच्च परवानगी मिळते, ती राजाची. दरबारी विरोध करतात, राजा ठाम राहतो. भव्यता सोडली तर हान-जाच्या सासऱ्याहून ही रचना वेगळी नाही.

या सगळ्यांहून वेगळी वाट ‘बकुळ’ वा ‘चाफा’ या नावांनी मराठीत खपून जाईल अशा एका फुलाच्या नावाच्या बाईने काढली आहे. ‘कॅमेलिया फुलते तेव्हा’ (२०१९, केबीएस, लेखिका लिम सांग-छुन) या मालिकेतील दोंगबेक अनाथाश्रमात वाढलेली आहे, अविवाहित माता आहे, आणि ओंगसान या काल्पनिक गावात मद्य आणि खाद्यपदार्थ विकण्याची लहानशी खाणावळ चालवते. गावातील पुरुष तिच्या दुकानात येतात आणि त्यांच्या बायका तिच्यावर डूख धरतात. दुकानाच्या जागेचा मालक फुकट शेंगदाण्यांपासून सलगीपर्यंत सगळे हक्काने मागतो. तेव्हा, एरवी बोलताना अडखळणारी दोंगबेक त्याला हिशेब समजावून सांगते : मद्याची किंमत आहे, पदार्थाची किंमत आहे, त्या किमतीत तिचे मनगट धरू देणे आणि हसणे धरलेले नाही. संपूर्ण कोरियन मालिकाविश्वात स्त्रीच्या श्रमाची याहून नेमकी व्याख्या आढळत नाही. जिन-आला प्रियकर भेटेपर्यंत जे सुचले नाही ते दोंगबेक प्रियकर भेटण्याआधीच, पहिल्याच भागात बोलून जाते. पुढे तिच्या आयुष्यात येणारा भाबडा पोलीस शिपाई तिचे कौतुक करतो, पाठराखण करतो. पण तो हिशेब तिने स्वतःच मांडलेला असतो. त्याच गल्लीत मुरवलेले खेकडे विकणाऱ्या, प्रारंभी तिला छळणाऱ्या बायका पुढे तिच्याभोवती कडे करतात. त्याही दुकानदार आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही दुकान उघडण्यापूर्वी घरात कोणाला विचारीत नाही.